वनिताची चिठ्ठी मी लिहिली

हे मी आजवर कुणापुढे बोललेले नाही. चर्चच्या पाळकांपुढे नाही, सख्ख्या बहिणीपुढे नाही, आणि प्रार्थनेत — आता खोटं कशाला सांगू — प्रार्थनेतसुद्धा मी या गोष्टीला वळसा घालून पुढे जायचे. 'जाणता-अजाणता झालेल्या चुका' असं आम्ही रोज म्हणतो ना, त्या ढिगात ही एक ढकलून दिली की झालं. अजाणता! माझ्याइतकं जाणूनबुजून या रोह्यात कुणी काही केलं नसेल.

तर ऐका. पण मधेच 'चालायचंच' म्हणू नका. 'तुमची तेव्हाची अवस्था काय होती' हेही नको. अवस्था माझी होती, मला माहीत आहे. आणि तुम्ही ख्रिस्ती असाल तर एक ताकीद — 'प्रभूने त्यातूनही चांगलंच केलं' हे वाक्य माझ्या तोंडावर फेकू नका. ते मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलंय की आता त्याचा चोथा झालाय.

मी शिक्षिका होते. माहेर नगरकडचं, आजोबांपासून ख्रिस्ती. नवऱ्याला इथल्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली म्हणून रोह्याला आले आणि इथलीच झाले. नवरा लवकर गेला. राहिला एकुलता एक मुलगा, प्रकाश. गावात मला सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. जीभ तिखट आहे, शिस्त कडक आहे, पण बाईंचं मन निर्मळ, असं म्हणतात. म्हणू देत. आज ते मोडायलाच बसले आहे.

प्रकाश पेणला मोटारपंप दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. तिथे बाजारात एक मुलगी वालाच्या शेंगा विकायला बसायची. वनिता. पेणच्या पुढे खाडीकाठच्या गावातली, आईबाप मिठागरावर मजुरीला. चौथीपर्यंत शिकलेली. प्रकाशने हिच्याशीच लग्न करणार म्हणून सांगितलं तेव्हा मी नाक मुरडलं. धर्म वेगळा म्हणून, असं मी लोकांना सांगितलं. खरं कारण ते नव्हतंच. शिक्षिकेच्या घरात बोट ठेवून अक्षरं लावत वाचणारी सून येणार, याची मला लाज वाटत होती. पण मुलापुढे कुणाचं चालतं? लग्न झालं. तिला कुणी प्रभूविषयी आग्रह केला नाही. पुढे तिनेच एक दिवस पाळकांना सांगितलं की मलाही बाप्तिस्मा हवा. आणि ते माझ्यामुळे नाही, प्रकाशमुळेही नाही — डबीमुळे.

डबी म्हणजे वचनांची डबी. पुष्कळ ख्रिस्ती घरांत असते. लाकडाची छोटीशी पेटी, आत शास्त्रातल्या वचनांच्या चिठ्ठ्या बारीक गुंडाळून बिड्यांसारख्या उभ्या, दाटीवाटीने बसवलेल्या. आमची डबी माझ्या आईने मला लग्नात दिली होती. सकाळचा चहा झाला की प्रत्येकाने चिमट्याने एक चिठ्ठी उपसायची, मोठ्याने वाचायची आणि हे वचन आज मला काय सांगतंय ते दोन वाक्यांत बोलायचं. एकाच्या वचनावर दुसऱ्याने बोलायचं नाही, हा घरचा नियम. चिठ्ठ्या हाताळून फाटायच्या. फाटल्या की ड्रॉइंग पेपरच्या पट्ट्या कापून नव्या मी लिहायचे. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायचं काम माझ्याकडेच होतं. अक्षर छापल्यासारखं.

मी माझ्या वचनावर सुंदर बोलायचे. वनिताला बोलता यायचं नाही. शेजाऱ्यावर प्रीती करण्याचं वचन आलं की ती एवढंच म्हणायची, "म्हंजे आज नळावर बाजूच्या काकूला आधी भरू द्यायचा." आणि खरंच तसं करायची. पाणी जाऊन घरी अर्धाच हंडा यायचा. मी चिडायचे. वचन म्हणजे विचार करायची गोष्ट, ही काय नळाची भांडणं मिटवायला आहे का? — असं मला वाटायचं. तिला मात्र वाटायचं की देव रोज सकाळी उठून तिच्यासाठी एक चिठ्ठी वर सरकवतो. अगदी शब्दशः तसं. शास्त्र तिला कळलं ते या डबीतून, तुकड्या-तुकड्याने. मागचापुढचा संबंध तिला ठाऊक नसायचा. तो मला ठाऊक होता.

लग्नाला पाच वर्षंही झाली नव्हती तेव्हा प्रकाश काविळीने गेला. मूल नव्हतं. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही. लिहिलं की तुम्ही हळहळाल, आणि हळहळलात की पुढचं तुम्हाला हलकं वाटेल. तसं व्हायला नको आहे मला.

वर्ष उलटलं आणि वनिताची आई आली. ओटीवरच बसली, घरात येईना. म्हणाली, "बाई, माजी पोर अजून तरनी हाय. तिला मोकली करा." मी म्हटलं, मी कुठे बांधून ठेवलंय? ती माझी मुलगीच आहे. किती गोड वाक्य! आळीत सगळ्यांना आवडलं ते. मुलगी असती तर तिच्यासाठी स्थळ मीच शोधलं असतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं.

मग विलास आला. पेणजवळच्या कासूचा माणूस, डोलवीच्या कंपनीत क्रेनवर, शिफ्टची नोकरी. धाकट्या बहिणींची लग्नं उरकता उरकता स्वतःचं राहून गेलेलं. वनिताला लहानपणापासून ओळखत होता. सुट्टीच्या दिवशी तिच्या आईला घेऊन रीतसर घरी आला. खुर्चीच्या कडेला टेकल्यासारखा बसला आणि खाली बघत म्हणाला, "बाई, तुमचा देव तिनं सोडायचा नाय. ऐतवारी मी सवता तिला रोह्याला घेऊन येन, मागं बसन. आन तुमालाबी येकटी टाकनार नाय."

बघा आता. मला कसलीही पळवाट ठेवली नव्हती त्याने. मी धर्मासाठी केलं म्हणावं, तर तो उपासनेला मागच्या सतरंजीवर बसायला तयार होता. म्हातारपणाच्या धास्तीने केलं म्हणावं, तर तो मला सांभाळायला तयार होता. चांगला माणूस होता हो! वाईट असता तर मला किती सोपं गेलं असतं.

मी काय म्हणाले? म्हणाले, "निर्णय वनिताने घ्यायचा. आमच्याकडे प्रार्थनेशिवाय काही ठरत नाही." त्याने हात जोडले. वनिताची आई मात्र माझ्याकडे बघत राहिली. मीठ फोडून फोडून डोळे बारीक झालेली बाई. तिला माझ्या बोलण्यात काहीतरी दिसलं असावं.

वनिताच्या मनात होतं. हे मी स्पष्ट लिहिते, कारण पुढे इतकी वर्षं मी ते नव्हतंच असं धरून चालले. तिने त्या आठवड्यात केसांना तेल लावलं, निळं पातळ बाहेर काढलं, भाकरी थापताना गुणगुणायला लागली. मी विचारलं, तुझ्या मनात काय आहे गं? ती म्हणाली, "मानूस बरा वाटतो. घर व्हईल, देव देईल तर एखादा पोर व्हईल. पन तुमाला सोडायला जीव व्हत नाय, आई. उद्या सकाळी वचन काढते. ता सांगल तसा."

म्हणजे तिने देवावर सोडलं. आणि डबी माझ्या ताब्यात होती.

ती दुपारी मासळी आणायला बाजारात गेली. मी कात्री काढली. नेहमीचा ड्रॉइंग पेपर घेतला नाही, शाळेच्या तक्त्यांचा जाड कार्डशीट घेतला. का, ते सांगते. वनिताचे हात लहानपणापासून मिठाच्या पाण्यात काम केलेले, राठ. बारीक चिठ्ठी तिच्या चिमट्यात येत नसे. जी चिठ्ठी जराशी जाड असेल, इतरांपेक्षा वर आलेली असेल, तीच ती नेहमी उपसायची. पाच-सहा वर्षं रोज सकाळी समोर बसून मी हे बघितलं होतं. एखाद्या माणसाबरोबर रोज देवाचं वचन वाचलं की त्याच्या बारीकसारीक सवयी कळतात. त्या कळण्याचा मी हा उपयोग केला.

काय लिहिलं? शास्त्रात एक गोष्ट आहे. एक विधवा सासू, तिची तरुण विधवा सून, सून परक्या लोकांतली. सासू तिला म्हणते, तू माहेरी जा. आणि सून म्हणते की मला परत जायला सांगू नका, तुमची वाट तीच माझी वाट, तुमचा देव तोच माझा देव — या अर्थाचं. ते वचन आमच्या डबीत नव्हतं. आईने दिलेल्या चिठ्ठ्यांत ते कधीच नव्हतं. ते मी घातलं. छापल्यासारख्या अक्षरात, शास्त्रातून बघून, एक काना इकडचा तिकडे न करता. शब्द देवाचेच आहेत, मी कुठे पदरचं काही घातलंय, अशी मनाची समजूत घातली.

पण सासू तिला आधी जा म्हणते, हे मी लिहिलं नाही. आणि त्या गोष्टीचा शेवट? रविवारच्या शाळेत मी मुलांना चित्रं काढून ती गोष्ट शिकवली होती. शेवटी ती सासू स्वतः सुनेला न्हाऊ-माखू घालायला सांगते, चांगलं लुगडं नेसायला लावते आणि एका भल्या माणसाकडे पाठवते. तिचं दुसरं लग्न लावते. तिचं मूल मांडीवर घेते. सगळं ठाऊक होतं मला. चिठ्ठी लिहितानाही आठवत होतं. आता बोला — अजाणता?

सकाळी चहा झाला. वनिताने डोळे मिटून प्रार्थना केली, चिमटा घातला, आणि जाड चिठ्ठी आली. तिने बोट ठेवून वाचली. अडखळत वाचली. मग परत वाचली. तिचा चेहरा मी बघितला. आधी तो पडला, अगदी पडला, आणि मग हळूहळू तिने तो उचलला. ती म्हणाली, "देवानं सांगतलं, आई." उठून माझ्या पायांना हात लावला. मग माझी पाळी होती. मीही चिठ्ठी काढली, वाचली, दोन वाक्यं बोलले. माझा आवाज कापला नाही, हात थरथरले नाहीत. हे मुद्दाम लिहिते, कारण तुम्ही असं काहीतरी झालं असेल अशी वाट बघत असाल.

विलासला निरोप तिने स्वतः जाऊन दिला. आठवड्याने तिची आई परत आली. या वेळी बसलीसुद्धा नाही. दारातून म्हणाली, "बाई, तुमचा देव लय आपमतलबी दिसतो. म्हातारीची सोय बगतो, पोरीची नाय."

आणि मी गप्प बसले.

इथे थांबा जरा. माझ्या मते सुनेला अडवलं ते एक पाप, पण त्याहून मोठं हे. त्या बाईने देवावर आळ घेतला आणि तो मी घेऊ दिला. आपमतलबी कोण होतं ते तिच्यापासून दोन हातांवर उभं होतं, आणि मी पदर सावरून आकाशाकडे बघितलं — देवाची इच्छा! ती माउली त्यानंतर कधी आमच्या देवाचं नाव ऐकायला तयार झाली नाही. का व्हावं? मी तिच्या जागी असते तर मीही झाले नसते.

पुढे विलासचं लग्न झालं. एकदा रोहा स्टेशनवर भेटला, बायको बरोबर, दोन वेण्या घातलेली मुलगी बोटाला. त्याने वाकून मला नमस्कार केला, "बऱ्या हाव ना बाई?" म्हणाला. मनात काही नव्हतं त्याच्या. वनिताने त्या मुलीचा गाल कुरवाळला, पिशवीतली केळी तिच्या हातात दिली. घरी आल्यावर तांदूळ निवडायला बसली आणि निवडलेलेच परत निवडत राहिली. मी बघत होते. त्या दिवशी सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

आता जे लिहिणार आहे ते कुणाला आवडणार नाही. आमच्या चर्चच्या मंडळीत तर मुळीच नाही. त्या लबाडीनंतर माझा विश्वास गेला नाही — वाढला. माझं प्रेम वाढलं. हो. चोरीचा माल घरात असताना माणूस देवाजवळ जाऊ शकतं का? मला विचाराल तर, जाऊ शकतं. मी गेले. रोज सकाळी चहा, चिठ्ठी, दोन वाक्यं. आधी मला ती हवी होती म्हणून ठेवली होती. कुणीतरी दिवा लावायला, कुणीतरी दुखलं-खुपलं विचारायला. मग कधीतरी एकमेकांची ओझी वाहण्याचं वचन मला आलं आणि मी सुंदर बोलायला तोंड उघडलं, आणि बोलवेना. उठले आणि मोरीतली भांडी घासायला बसले. आयुष्यात पहिल्यांदा वचनावर बोलले नाही, ते केलं. वनिता दारात उभी राहून हसली. त्यानंतर भांडी माझ्याकडेच आली.

मग मी तिला वाचायला शिकवलं. बोट न ठेवता, नीट, सलग. शाळेतून निवृत्त झाले होते, वेळ होता. कधी माझा गुडघा धरला की ती रात्रंदिवस शेक द्यायची. तिला ताप आला की मी कपाळावर पट्ट्या ठेवायचे. बाजारात कुणी विचारलं, ही कोण, तर 'सून' हा शब्द तोंडात यायचाच नाही. मला ती आवडायला लागली होती. तिचं ते वेडंवाकडं खरं बोलणं, तिचा तो नळावरचा देव. प्रेम वाढलं की जीव हलका होतो असं कोण सांगतं? माझा जड होत गेला. जी बाई मला आवडत नव्हती तिचं आयुष्य मी अडवलं, तेव्हा मला काही वाटलं नाही. जी मला प्राणासारखी झाली, तिचं अडवलेलं आयुष्य मला रोज सकाळी समोर बसलेलं दिसायला लागलं. इतकंच झालं माझ्या मननाने. दिसायला लागलं.

नीट वाचता यायला लागल्यावर वनिताला चिठ्ठ्या पुरेनात. म्हणाली, अख्खं शास्त्र पहिल्या पानापासून वाचू, रोज एक अध्याय. डबी कपाटात गेली. आणि मी आतून हिशोब मांडायला लागले — ती गोष्ट कधी येणार? ते पुस्तक छोटं आहे, चार अध्यायांचं. दोन पानं एकदम उलटली तर कळलंही नसतं. पण पानं आता वनिता उलटत होती.

त्या पुस्तकाच्या पहिल्याच दिवशी तिचं वचन आलं तेव्हा ती थांबली, पानावरून हात फिरवला, "माजी चिठी," म्हणाली. ओळखीचं माणूस भेटल्यासारखं. आदल्याच ओळींत सासूने सुनेला जा म्हटलेलं होतं, ते तिने वाचलं होतंच. पुढे वाचत गेली. तिसऱ्या दिवशी सासू सुनेला न्हायला सांगते तो भाग आला. चौथ्या दिवशी लग्न आणि मूल. वनिताने पुस्तक मिटलं नाही. बोट पानावर तसंच ठेवून मला विचारलं, "आई, हिच्या सासूनंच हिचा लगीन लावला?"

मी म्हटलं, हो.

"बरी व्हती गो सासू," ती म्हणाली. हसली. मग थोड्या वेळाने, "माज्या चिठीवर एवढा नव्हता, नाय?"

आणि मी — सत्तरीला आलेली, रोज वचन वाचणारी, प्रेमात आणि विश्वासात वाढलेली मी — काय म्हणाले असेन? म्हणाले, "चिठ्ठीवर किती मावणार गं."

ती उठून भात टाकायला गेली. पहिली लबाडी तरी मी तिच्यावर प्रेम नसताना केली होती. ही मी तिच्यावर जीव असताना केली. तेव्हा कुठली मोठी ते तुम्हीच ठरवा. माझं ठरलेलं आहे.

तिला कळलंय का? कधी वाटतं, कळलंय. कधी वाटतं, तिच्या मनाला तो रस्ताच ठाऊक नाही. दरवर्षी नाताळाच्या आठवड्यात मंडळीत साक्षी होतात, तेव्हा ती उभी राहते. म्हणते, माझं मन दुसरीकडे होतं, पण देवाने मला वचन दिलं, आणि मी राहिले, आणि त्याने मला आई दिली. लोक डोळे पुसतात. मी पहिल्या रांगेत बसून मान डोलावते. तिच्या विश्वासाची पहिली वीटच ती चिठ्ठी आहे, ती काढली तर सगळं घर खाली येईल — या कारणाने मी गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगत आले. किती थोर कारण! तिच्या विश्वासाची काळजी! अहो, मला माझं 'बाईंचं मन निर्मळ' सोडवत नव्हतं. तिचा देव माझ्या चिठ्ठीएवढा लहान आहे असं समजणारी मी कोण?

मग आज हे का लिहितेय? म्हातारी झाले म्हणून नाही. मरायची भीती म्हणून तर नाहीच.

आमच्या मंडळीत एका घरचा तरुण मुलगा यंदा गेला. त्याची बायको विशी ओलांडलेली. माहेरचे तिला न्यायला आलेत, तिच्याही मनात जायचं आहे. सासूला ती घरात हवी आहे. पाळकांनी आज रविवारच्या प्रवचनात आमचं उदाहरण दिलं. सासू कशी असावी, सून कशी असावी, बाई आणि वनिताकडे बघा. उपासना सुटल्यावर ती सासू माझा हात धरून म्हणाली, "बाई, तुमची ती डबी अजून हाय ना? उद्या दुपारी पोरीला घेऊन येते. तुमच्या डबीतलं वचन तिला काढायला द्या. देव बोलला की ती ऐकेल."

तिने माझ्याकडे जसं बघितलं, ते बघणं मी ओळखलं. ती नजर एकदा माझी होती.

वनिता शेजारीच उभी होती. म्हणाली, "हाय की डबी. या तुमी."

तर उद्या दुपारी त्या येणार. त्यांना मी डबी देणार नाही, आणि का देत नाही तेही तिथेच, त्या मुलीच्या समोर सांगणार. पाळकांना परवा. त्यांनी पुढच्या रविवारी प्रवचनात काय सांगायचं ते त्यांनी बघावं. माझं नाव घ्यायला हरकत नाही. गावात काय बोलतील तेही ठाऊक आहे. बोलू देत, मीही पुष्कळांना पुष्कळ बोलले आहे. पण हे सगळं दुपारचं. त्याआधी सकाळ आहे, आणि सकाळी वाचनानंतर बोलायची पाळी माझी आहे. तेव्हा समोर वनिता असेल, आणखी कुणी नाही. मी तिला सांगणार. कार्डशीट, कात्री, दुपारची वेळ, सगळं. 'चिठ्ठीवर किती मावणार' हेसुद्धा.

माझ्या बाजूने सांगण्यासारखं एक कारण आहे. खरं आहे ते, खोटं नाही. ऐकलंत तर तुम्ही विरघळाल, आणि वनिता तर नक्की विरघळेल. ती उठून मलाच जवळ घेईल. म्हणून ते मी इथे लिहिलेलं नाही आणि उद्या तिच्यासमोर बोलणारही नाही. तिने माफ केलं असं घाईघाईने म्हटलं तर तिला थांबवणार. घाई करू नको, म्हणणार. आधी राग येऊ दे.

ती रागावेल, की रडेल, की माहेरी भावाकडे निघून जाईल, मला माहीत नाही. मी तिला विचारणार नाही, समजावणार नाही, दारात उभी राहणार नाही. ऐकून झाल्यावर काय करायचं ते तिचं ती ठरवेल. या घरात ते पहिल्यांदाच होईल.